दर शुक्रवारी पुसली जाणारी वाडी

भेंडीच्या टेम्पोच्या यादीतून एक वाडी वारंवार गायब होत होती, आणि ती गायब करणारा मी होतो. मुद्दाम केलं नव्हतं. पण तेवढं म्हणून माझी सुटका होत नाही, कारण पुढे जे वागलो ते पूर्ण शुद्धीत वागलो. म्हणून जसं घडलं तसं लिहून काढतो आहे.

शहापूर आणि मुरबाडच्या मधल्या पट्ट्यात भात निघालं की ज्यांच्याकडे पाणी आहे ते भेंडी लावतात. चांगली भेंडी परदेशात जाते. ती कोवळी, सरळ आणि बोटाएवढी असावी लागते. उजाडायला तोडायची, क्रेटमध्ये भरायची आणि उन्हाच्या आत माल गोळा करणाऱ्या सेंटरवर पोचवायची. एक दिवस तोडायची राहिली तर दुसऱ्या दिवशी ती जून होते आणि निवडणाऱ्या बाया तिला बाजूला टाकतात. किन्हवलीच्या रस्त्यावर असं एक सेंटर आहे. त्याच्या मालकांना सगळे शेट म्हणतात, मीही म्हणतो.

मी बरीच वर्षं ठाण्याला एका कंपनीत प्रोग्रॅम लिहायचो. कंपनीने माणसं कमी केली, त्यात मी गेलो. तेव्हापासून शहापूरला घरी बसून दुकानदारांचे, पतपेढ्यांचे, असे छोटे प्रोग्रॅम करून देतो. शेटना हवा होता तो अगदी साधा होता. शेतकऱ्याने संध्याकाळी मोबाईलवर सांगायचं की उद्या माझ्याकडे माल आहे. त्यावरून टेम्पोच्या थांब्यांची यादी तयार व्हायची आणि सकाळी ती ड्रायव्हरच्या मोबाईलवर दिसायची. यादीत नसलेल्या थांब्यावर टेम्पो वळणार नाही आणि नोंद नसलेला माल सेंटरवर घेतला जाणार नाही, हा नियम मीच सुचवला होता. परदेशी जाणाऱ्या मालाला कुठल्या शेतातला ते दाखवावं लागतं. शेटना नियम फार आवडला. मलाही आवडला होता.

आता चूक कुठे होती ते सांगतो. कोणताही असा प्रोग्रॅम पहिल्यांदा सुरू होतो तेव्हा त्याचा डेटाबेस रिकामा असतो. गावं नाहीत, थांबे नाहीत, काही नाही. म्हणून प्रोग्रॅम सुरू होतानाच त्यात सुरुवातीची माहिती भरायची सोय करावी लागते. आम्ही त्याला सीड करणं म्हणतो. मी ड्रायव्हरला शेजारी बसवून त्याच्या जुन्या फेरीतली गावं एका फाईलमध्ये उतरवली आणि प्रत्येक गावाला क्रमांक दिला. वाड्या-पाडे वेगळे लिहिले नाहीत. आमच्याकडे वाडी गावातच धरतात. कागदावर गाव लिहिलं की वाडी आली असं समजायचं आणि गावात काही वाटायचं असेल तेव्हा मात्र ती आठवायची नाही. हे मला माहीत होतं, आणि तरीही मी तसंच लिहिलं. वडील धरणावर नोकरीला होते, माझं लहानपण भातसानगरच्या वसाहतीत गेलं. तिथे प्रत्येक घराच्या भिंतीवर नंबर रंगवलेला असायचा. जागा म्हटली की तिला नंबर असणारच, अशी माझी समजूत तिथलीच असावी.

चाचणीच्या दिवसांत सेंटरवरच्या प्रत्येकाने त्या प्रोग्रॅमशी खेळ केला. ड्रायव्हरने स्वतःच्या सासुरवाडीचा थांबा टाकला आणि तिकडे माल आहे, माल म्हणजे सासू, असं सगळ्यांना दाखवत फिरला. असला कचरा रोज साचायचा. तो काढत बसायला नको म्हणून मी एक ओळ लिहिली: प्रोग्रॅम सुरू झाला की आधी सगळे थांबे पुसायचे, मग फाईलमधले नव्याने भरायचे. क्रमांक तेच असल्यामुळे बाकी नोंदी आपापल्या गावांना बरोबर चिकटायच्या. खरा वापर सुरू झाल्यावर ती ओळ काढायची आणि त्याऐवजी लिहायचं की थांबे रिकामे असतील तरच भर. हे कोणीही नवशिका प्रोग्रॅमर करतो. मी केलं नाही. करायचं ठरवलं होतं आणि विसरलो.

सेंटरवर कॉम्प्युटर सांभाळायला एक मुलगी होती. वय विशीच्या आसपास. जवळच्याच एका गावाबाहेर ओढ्यापलीकडे भूमिहीन लोकांची वाडी आहे, तिथली. वाडीतली बारावी झालेली ती पहिली. शेटनी तिला आधी भेंडी निवडायला घेतलं होतं, मग अक्षर बघून टेबलावर बसवलं. काम मी शिकवलं आणि ती लवकर शिकली. मला सर म्हणायची.

तिच्या वाडीतली घरं दर वर्षी दिवाळी झाली की कुलपं लावून वीटभट्टीवर जायची. मुकादम येऊन उचल देऊन जायचा आणि पोरंबाळं, कोंबड्या, भांडीकुंडी घेऊन माणसं ट्रकमध्ये चढायची ती पावसाच्या तोंडाला परत यायची. त्या वर्षी तिने आईला आणि आणखी काही घरांना थांबवलं. गावातल्या एका शेतकऱ्याचं ओढ्याकाठचं रान रिकामं पडून होतं, ते खंडाने घेऊन भेंडी लावायची, माल आपल्या सेंटरवर घालायचा, टेम्पो दारात येतो, असं तिने त्यांना समजावलं. तिची आई बचत गटाची प्रमुख होती. बायका तयार झाल्या. मुकादम आला तेव्हा त्यांनी उचल घेतली नाही. हे किती मोठं होतं ते मला तेव्हा समजलं नव्हतं. पहिली तोडणी झाली तेव्हा तिने माझ्यासमोरच यादीत वाडीचा थांबा घातला आणि स्क्रीनवर वाडीचं नाव आलेलं बघून हसली, एवढं आठवतं.

आमच्याकडे शुक्रवारी दुरुस्तीसाठी लाईट बंद असते. सेंटरवरच्या इन्व्हर्टरची बॅटरी जुनी होती, दुपारपर्यंत ती मान टाकायची आणि कॉम्प्युटर बंद पडायचा. संध्याकाळी सेंटर बंद झाल्यावर लाईट आली की तो आपोआप सुरू व्हायचा आणि त्याच्याबरोबर माझा प्रोग्रॅमही. सुरू होताना माझी ती ओळ तिचं काम करायची. सगळे थांबे पुसले जायचे, फाईलमधली गावं परत यायची, आणि वाडी फाईलमध्ये नव्हतीच.

शनिवारी सकाळी वाडीच्या बायका क्रेट भरून फाट्याच्या आतल्या चिंचेखाली बसून राहायच्या आणि टेम्पो वरच्या रस्त्याने निघून जायचा. मग त्या मुलीला फोन लावायच्या, ती सेंटरवर आल्यावर परत थांबा घालायची. रविवारपासून टेम्पो यायचा. पुढच्या शनिवारी पुन्हा नाही. मधल्या वारी कधी लाईट गेली तर तेव्हाही नाही. ज्यांच्या भेंडीची तोडणी अशी अधूनमधून फुकट जाते त्यांचा उरलेला मालही बिघडतो, कारण पडून राहिलेल्या क्रेटमधली थोडी जून भेंडी दुसऱ्या दिवशीच्या मालात येतेच, आणि मग सेंटरवर सगळं क्रेटच बाजूला काढतात.

तिने मला सांगितलं होतं. एकदा फोनवर, एकदा समोर. ती म्हणाली, "सर, मी वाडी टाकते पण ती राहत नाय." मी तिला परत कसं टाकायचं ते दाखवलं, जणू काही तिला ते येत नव्हतं. माझ्या डोक्यात तेव्हा एका पतपेढीचं काम होतं. घरी जाऊन बघतो म्हणालो, आणि बघितलं नाही.

वाडीवर या गोष्टीचा वेगळाच अर्थ लागला. टेम्पो गावात थांबतो, आपल्याकडे वळत नाही, आणि तेही बरोबर गावातला मोठा माल निघतो त्या दिवशी. म्हणजे गावातल्या लोकांनी ड्रायव्हरला सांगून ठेवलं असणार. आपण भेंडी लावली हे गावाला खपलेलं नाही. असं त्यांना वाटलं यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, आधीचे अनुभव तसेच होते. दोन बाया जाऊन रान देणाऱ्या शेतकऱ्याला बोलून आल्या. तो बिचारा काही न केलेला माणूस, तो भडकला आणि म्हणाला की पुढच्या वर्षी रान देणार नाही.

शेवटी सगळे सेंटरवर आले. वाडीच्या बायका, दोन-तीन पुरुष, त्यांच्यात मुलीची आई. शेटनी मलाही बोलावून घेतलं. आधी ड्रायव्हरवर सगळे तुटून पडले. तो काही कमी नव्हता. मोबाईल नाचवत म्हणाला, "ह्याच्यात तुमची वाडी दिसत नाय तर मी वळू कशाला? रस्ता बघितलाव का तुमचा? डिझेल शेटचा आन् कंबर माजी." त्यावर काही बाया हसल्या आणि वातावरण जरा सैल झालं. मग शेटनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं की यादीतून वाडी जाते कशी.

त्या क्षणी मी एवढंच म्हणायला हवं होतं की मला माहीत नाही, बघून सांगतो. ते खरं होतं. पण इतक्या माणसांसमोर, पैसे देणाऱ्या शेटसमोर, मला ते म्हणवेना. मी म्हणालो की सिस्टीम बरोबर आहे. बाकीची गावं कधी गेली का? थांबा घालायचं काम हिचं आहे. घालून झाल्यावर सेव्ह करावं लागतं, ते राहून जात असेल.

मुलगी म्हणाली की मी सेव्ह करते.

मी म्हणालो, "कॉम्प्युटर आपणहून काही पुसत नाही."

हे वाक्य आजही माझ्या कानात आहे, कारण ते अगदी खरं आहे. त्याला पुसायला मी सांगितलं होतं.

तिची आई तिच्याकडे वळली. रागाने नाही, खरंच विचारावं तसं तिने विचारलं, "बटन दाबतेस ना गो बराबर?"

"दाबते."

"मग सायेब काय खोटा बोलतील?"

मुलीने माझ्याकडे बघितलं, आणि मी शेटशी इन्व्हर्टरबद्दल काहीतरी बोलायला लागलो. वाडीतला एक जण दाराशी पुटपुटला की हिच्या नादाने आपण भट्टी सोडली, आणि हिला साधं बटन दाबता येत नाय. सगळ्यांनी ऐकलं. शेट तिला काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी टेबलावर त्यांनी त्यांच्या नात्यातली एक मुलगी बसवली आणि हिला पुन्हा निवडायला पाठवलं. ती दोन-चार दिवस आली, मग यायची बंद झाली. शिवरात्रीच्या सुमाराला वाडीतल्या त्या घरांनी भेंडी तशीच रानात सोडली आणि ती भट्टीवर गेली. हंगामाच्या मध्ये गेलेल्यांना मुकादम उचल देत नाही. मिळेल ते काम, मिळेल त्या जागेवर झोपडी.

मला ती गेल्याचं कळलं तेव्हा वाईट वाटलं, पण ते वाईट वाटणं बेताचंच होतं. शिकलेली मुलगी होती, थांबायला हवं होतं, असं काहीतरी मी घरी म्हणालो.

खरं कारण सापडलं ते शेटच्या मेहुण्यामुळे. मुरबाडच्या बाजूला त्यांचं रान आहे. शेटनी तिथला थांबा स्वतः घातला, आणि पुढच्या शनिवारी तो गेलेला. या वेळी शेटचा फोन आला आणि मी लगेच कॉम्प्युटर उघडला. चहा निवायच्या आत ती ओळ समोर होती. माझ्याच हाताची. वर मीच माझ्यासाठी सूचना लिहून ठेवली होती की ही नंतर काढणे. मुलीने सांगितलं तेव्हा बघायला मला वेळ नव्हता आणि शेटच्या मेहुण्यासाठी लगेच होता, हे त्या ओळीपेक्षा जास्त टोचलं.

ओळ काढली. थांबे रिकामे असतील तरच भरायचे असं लिहिलं. फाईलमध्ये वाड्या, पाडे, जे जे माहीत होते ते घातले. प्रोग्रॅम बंद करून चालू केला, पुन्हा बंद करून चालू केला, सगळं जागेवर राहिलं. शेटना फोन करून सांगितलं की एक अपडेट टाकलं आहे, आता जाणार नाही. ते म्हणाले, छान. मी फोन ठेवला. त्या मुलीबद्दल मी काही बोललो नाही. चूक नकळत झाली होती. हे गप्प बसणं नकळत नव्हतं. गुढीपाडवा जवळ येईपर्यंत मी तसाच गप्प होतो. कामं करत होतो, जेवत होतो, बाजारात जात होतो.

पाडव्याच्या आधी शहापूरच्या बाजारात ड्रायव्हर भेटला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तो म्हणाला की पडघ्याकडे रिकामी क्रेट आणायला गेलो होतो, तिथे भट्टीवर आपली कॉम्प्युटरवाली दिसली. विटा थापते. मी हाक मारली तर तिने हात हलवला, हातभर चिखल. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मेहुण्याचा थांबा पन जात होता ना, दादा? शेटना पन बटन दाबता येत नव्हता काय?"

त्याला सगळं कळलं होतं. कदाचित सेंटरवर सगळ्यांनाच कळलं होतं आणि मी एकटाच समजत होतो की ते झाकलेलं आहे.

मी आधी शेटकडे गेलो. त्यांना सरळ सांगितलं की चूक प्रोग्रॅमची होती, म्हणजे माझी होती, मुलीची कधीच नव्हती. शेट म्हणाले की आता कशाला उकरून काढता, चालू झालंय ना. मी म्हणालो की उकरायला हवं. मग त्यांनीच, काहीशा नाराजीने, सांगितलं की तिला म्हणावं ये परत टेबलावर. मेहुण्याचाही माल असाच फुकट गेला त्या रागापायी असेल किंवा खरंच वाटलं म्हणून असेल, मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी मोटारसायकलने पडघ्याच्या अलीकडच्या त्या भट्टीवर गेलो. दुपार होती. मोकळ्या मैदानात ओल्या विटांच्या रांगा वाळत घातल्या होत्या, पलीकडे भट्टी रचणं चाललं होतं. ती बसूनच काम करत होती. चिखलाचा गोळा उचलायचा, साच्यात आपटायचा, वरून हात फिरवायचा, साचा उलटा करून वीट सोडायची. मी जवळ जाऊन उभा राहिलो तेव्हा तिने मान वर केली, सर, तुमी इकडं कुठं, असं विचारलं आणि उठायला लागली. मी तिला बस म्हणालो, आणि मीच खाली उकिडवा बसलो.

मी सांगायला सुरुवात केली. प्रोग्रॅम, ती ओळ, शुक्रवारची लाईट. तिला सगळं लगेच समजलं, माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत ती मान हलवत होती. शेटनी परत बोलावल्याचंही सांगितलं. ती म्हणाली की आता पावसापर्यंत इथून निघता येणार नाही, मधेच गेलं तर घरच्यांचे पैसे अडकतात. पुढचं पुढे बघू. मी म्हणालो की माझ्या हातून तुझं फार नुकसान झालं. तिने साचा पाण्यात बुडवला, धुतला आणि बाजूला ठेवला.

मग ती म्हणाली, "मला माहीत होता सर, मी बटन दाबत होते. मला कशाला सांगताव? तुमी सगळ्या वाडीसमोर बोललाव होताव."

ती हात पुसत उठली आणि झोपड्यांकडे चालायला लागली. मी मागोमाग गेलो. जेवणाची सुट्टी होती, वाडीतली बहुतेक माणसं झोपडीच्या सावलीला बसली होती. सेंटरवर आलेल्या बाया होत्या, दाराशी पुटपुटलेला तो माणूस होता. तिच्या आईने मला ओळखलं, पोरीला घागरीतून पाणी द्यायला सांगितलं आणि बसायला गोणपाट सरकवलं. पाणी प्यायलो. बसलो मात्र नाही. बसून बोललो असतो तर ते गप्पांसारखं झालं असतं.

मी तिच्या आईकडे बघून बोललो. "मावशी, सेंटरवर मी तुमच्यासमोर सांगितलं होतं की ही सेव्ह करत नाही. ते खोटं होतं. ही दर वेळी बरोबर करत होती. मी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये चूक होती, लाईट जाऊन आली की तो तुमची वाडी पुसून टाकायचा. गावातल्या कोणी काही केलं नव्हतं, ड्रायव्हरनेही नाही. मी बघितलं असतं तर त्याच दिवशी कळलं असतं. मी बघितलं नाही आणि हिच्यावर ढकललं. नंतर कळलं तरी गप्प बसलो. तुम्हाला भेंडी सोडून इथं यावं लागलं ते माझ्यामुळे. मला माफ करा." मग मी मुलीकडे वळलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं तिलाही म्हणालो, "तू खरं सांगत होतीस. मला माफ कर."